दार तोडलंत, पण पंच कुठायत?

ठाणे शहरातल्या आमच्या वर्तकनगरच्या बिल्डिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर एक निवृत्त सहाय्यक फौजदार राहतात. सोसायटीत सगळे त्यांना फौजदारकाकाच म्हणतात. रात्री जेवणं आटोपली की त्यांच्या टीव्हीवर गुन्हेगारी मालिकांचे जुने भाग लागतात आणि आम्ही तिघं-चौघं तिथे जाऊन बसतो. मालिका बघायला नाही, चुका धरायला. एका चुकीला एक गुण, आणि महिनाअखेर ज्याचे गुण सर्वात कमी त्याने बाकीच्यांना मामलेदारची मिसळ खाऊ घालायची. बहुतेक वेळा खिसा माझाच हलका होतो.

कारण मी धरतो त्या चुका कुणालाही दिसणाऱ्या. एका लाथेत दार बिजागरीसकट आडवं. अंधाऱ्या बंगल्यात दिव्याचं बटण न शोधता बॅटऱ्या घेऊन फिरणं. प्रेताशेजारचा पेला उचलून नाकाशी नेणं. काका याला अर्धाच गुण देतात. "दार मोडायचा अधिकार आहे रे पोलिसाला," ते म्हणतात. "आपण कोण ते सांगायचं, आत घ्या म्हणायचं, नाहीच उघडलं तर मोडायचं. कायद्यातच आहे ते. पण मोडून आत शिरले ते चौघंच. पंच कुठायत, साक्षीला घेतलेली शेजारपाजारची दोन माणसं? आणि लिहितोय कोण?"

हे 'लिहितोय कोण' मला समजायला बराच वेळ लागला. टीव्हीवरच्या पोलिसाकडे पिस्तूल असतं, लॅपटॉप असतो, पेन नसतं. आपण हसतो ते दारावर आणि टॉर्चवर, पण मालिकेतली खरी थाप तिथे नाहीच. मालिकेतला तपास आरोपी सापडण्यासाठी चालतो. खरा तपास चालतो तो न्यायाधीशासाठी, जो त्या रात्री तिथे नव्हता आणि ज्याच्यासमोर हे सगळं काही वर्षांनी येणार असतं. त्याला दाखवता येणार नाही असं काहीही सापडलं तरी ते सापडलं नाही असंच धरायचं. एवढं डोक्यात बसलं की मालिकांचा निम्मा भाग आपोआप कोसळतो.

आधी माणसांचं बघू. 'सीआयडी' मालिका १९९८ साली सुरू झाली, सलग वीस वर्षं चालली आणि २०२४ च्या डिसेंबरात पुन्हा आली. त्यामुळे पोलीस म्हणजे एसीपी आणि त्यांचे दोन-तीन इन्स्पेक्टर हे चित्र दोन पिढ्यांच्या डोक्यात पक्कं आहे. एसीपी म्हणजे सहाय्यक पोलीस आयुक्त. आयुक्तालयात त्यांच्या हाताखाली काही पोलीस ठाणी असतात, आणि त्यांचा दिवस बंदोबस्त, बैठका, तपासांवर देखरेख यात जातो. प्रत्येक प्रेताजवळ गुडघ्यावर बसायला ते येत नाहीत. तपास असतो पीएसआय (उपनिरीक्षक) किंवा एपीआय (सहाय्यक निरीक्षक) यांच्याकडे, आणि पायपीट करतात ती डिटेक्शनची पोरं, म्हणजे हवालदार आणि शिपाई. मालिकेत शिपाई दिसतो तो सॅल्यूट ठोकायला. काकांची सगळी नोकरी ज्या कामात गेली ते काम पडद्यावर कुणीच करत नाही, हा त्यांचा जुना सल आहे. आणि हो, राज्याच्या गुन्हे अन्वेषण विभागाचं मुख्यालय पुण्यात आहे. तिथून गाडी निघून दहा मिनिटांत मुंबईतल्या प्रेताजवळ पोचायला पुण्याच्या लोकांनाही जमणार नाही.

दुसरी गोष्ट हद्दीची. ठाण्यात राहणाऱ्याला ही वेगळी समजवायला नको. मुलुंड चेकनाका ओलांडला की मुंबई पोलीस. कळव्याहून विटावा सोडून दिघ्याकडे गेलात की नवी मुंबई. मधल्या रुळांवर काही घडलं तर लोहमार्ग पोलीस. मोटारसायकलवरून साखळी खेचणारा वीस मिनिटांत तीन पोलीस दलांच्या हद्दीतून जाऊन येतो. मालिकेतल्या पोलिसांना मात्र सगळी पृथ्वी आंदण दिलेली असते. तक्रारदारापुरता हा प्रश्न कायद्याने सोडवलाय. १ जुलै २०२४ पासून फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली. तिच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कुठल्याही हद्दीत घडलेला असो, कुठल्याही ठाण्यात फिर्याद देता येते. ती शून्य क्रमांकाने नोंदवून योग्य ठाण्याकडे पाठवायची. झिरो एफआयआर म्हणतात तो हाच. पण पुढचा तपास हद्दीप्रमाणेच चालतो, आणि दुसऱ्याच्या हद्दीत जाऊन आरोपी उचलायचा तर तिथल्या ठाण्याच्या डायरीत नोंद करावी लागते. पुन्हा लिखाण आलंच.

आता प्रेत. मालिकेतला डॉक्टर वाकून बघतो आणि सांगतो, मृत्यू रात्री दहा ते साडेदहाच्या दरम्यान झालाय. काका इथे हमखास उशी आपटतात. ही चूक शास्त्राची आहे, म्हणून जरा सावकाश बघू.

मृत्यूची वेळ काढायची एक जुनी रीत म्हणजे शरीर किती थंड झालं ते मोजायचं. जिवंत माणसाचं तापमान साधारण ३७ अंश. मृत्यूनंतर ते हळूहळू खोलीच्या तापमानाला येतं. थंड देशात खोली १५ अंशांवर असेल तर उतरायला २२ अंशांची घसरगुंडी आहे, तासागणिक फरक मोजता येतो. आता ठाण्यातला मे महिना आठवा. वरच्या मजल्यावरचं घर, खिडक्या बंद, रात्रीसुद्धा आत ३३ अंश. उतरायला जागाच चार अंशांची! शरीर उतरतं ते इतकं संथ की थर्मामीटरच्या छोट्याशा फरकाने तीन-चार तास इकडचे तिकडे होतात. त्याच घरात एसी २२ वर चालू असेल तर हिशोब पार वेगळा, आणि पोलीस येण्याआधी कुणी शेजाऱ्याने वीजबिलाच्या काळजीने तो बंद केला असेल तर देवच वाली.

दुसरी खूण शरीर ताठरण्याची. ती आधी पापण्या, जबडा, मान इथे दिसते, मग हातापायांत उतरते, ढोबळमानाने बारा तासांत पूर्ण होते आणि पुढे त्याच क्रमाने सुटत जाते. उकाड्यात हे सगळं लवकर होतं. मृत माणूस आधी धावला-झगडला असेल तर आणखी लवकर. म्हणून खरा डॉक्टर पोटातलं अन्न, रक्त साकळल्याच्या खुणा, ताठरपणा हे सगळं बघून काही तासांचा पट्टा लिहितो. 'दहा ते साडेदहा' लिहिलं तर बचाव पक्षाचा वकील त्याला उभा सोलेल. नेमकी वेळ बहुतेकदा कळते ती दुसरीकडून: शेवटचा फोन कधी झाला, दूधवाल्याची पिशवी कधीपासून दाराला लटकतेय, लिफ्टच्या कॅमेऱ्यात कोण कधी दिसलं.

शिवाय तो डॉक्टर एकच नसतो. मालिकेत साळुंखे साहेब शव उघडतात, विष ओळखतात, डीएनए जुळवतात आणि उरल्या वेळात हाडावरून वयही सांगतात. प्रत्यक्षात शवविच्छेदन सरकारी किंवा पालिकेच्या रुग्णालयातले डॉक्टर करतात. विषाचा संशय असेल तर व्हिसेरा राखून ठेवतात: जठर आणि त्यातला ऐवज एका बरणीत, यकृत-मूत्रपिंडाचे तुकडे दुसऱ्या बरणीत, आणि परिरक्षक म्हणून बहुतेक वेळा काय घालतात? मीठ. मिठाचं संपृक्त द्रावण. लोणच्याची आठवण होऊ नये म्हणतो मी, पण तत्त्व तेच. या बरण्या सीलबंद होऊन कलिनाच्या न्यायवैद्यक प्रयोगशाळेसारख्या ठिकाणी जातात, तिथे विषशास्त्राचा विभाग वेगळा, जीवशास्त्राचा वेगळा, बंदुकीच्या गोळ्यांचा वेगळा. बोटांच्या ठशांचं खातं तर आणखी निराळं, ते सीआयडीच्या अंगुली मुद्रा केंद्राकडे. (या विद्येत आपण मागून आलेलो नाही, जगातलं पहिलं अंगुली मुद्रा कार्यालय १८९७ साली कोलकात्यात उघडलं.) अहवाल जाहिरातींच्या विश्रांतीत येत नाही. आधी रांग, मग तपासणी, मग टपाल.

सीसीटीव्हीचा 'झूम कर' मात्र मी स्वतः गणित करून निकालात काढला आणि त्याचा पूर्ण गुण मिळवला. फुल एचडी चित्र म्हणजे आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके. आमच्या गेटवरच्या कॅमेऱ्यात साधारण दहा मीटर रुंदीचा रस्ता दिसतो. म्हणजे एका मीटरला १९२ ठिपके. माणसाचा चेहरा पंधरा सेंटीमीटर धरा, त्याच्या वाट्याला २९ ठिपके आले. गाडीची नंबरप्लेट अर्धा मीटर, तिला ९६. त्यात दहा अक्षरं-आकडे, म्हणजे एकेकाला दहासुद्धा नाहीत. ३ आणि ८ यातला फरक सांगायला हे पुरत नाही, त्यात रात्र, पाऊस आणि हेडलाइट. चित्र मोठं केलं की तेच ठिपके मोठे होतात, नवे जन्मत नाहीत. हल्ली एआयने चेहरा 'स्वच्छ' करून देतात, पण तो चेहरा संगणकाने अंदाजाने रंगवलेला असतो. शोधाला दिशा म्हणून ठीक. कोर्टात त्याला कोण विचारतो?

फुटेज चांगलं निघालं तरी पुढे कागद आहेच. एकतर डीव्हीआरचं, म्हणजे कॅमेऱ्याचं चित्रीकरण साठवणाऱ्या यंत्राचं, घड्याळ बरोबर चालत असेल याची खात्री नाही; आमच्या सोसायटीचं अकरा मिनिटं पुढे होतं. म्हणून पंचनाम्यात डीव्हीआरची वेळ आणि खरी वेळ दोन्ही लिहायच्या. दुसरं, जुनं चित्रीकरण काही दिवसांनी पुसून त्यावर नवं चढतं, तेव्हा तपास अधिकाऱ्याची खरी शर्यत या डीव्हीआरशी असते. आणि तिसरं, पेन ड्राइव्हवर घेतलेली प्रत कोर्टात चालवायची तर सोबत प्रमाणपत्र हवं. पूर्वी ते जुन्या पुरावा कायद्याच्या कलम ६५ ब चं होतं, आता भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खाली द्यायचं. ते सक्तीचंच आहे हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये पुन्हा ठासून सांगितलं, तेही आपल्या जालन्याच्या खोतकर विरुद्ध गोरंट्याल या निवडणूक वादात. खुनाच्या खटल्यांतल्या फुटेजचं भवितव्य निवडणुकीच्या वादात ठरलं, असं कुठल्या पटकथालेखकाला सुचणार नाही.

फोनवर अपहरणकर्त्याला 'अजून तीस सेकंद बोलत ठेवा' हा प्रकार तर आता सोडूनच द्या. जुन्या एक्स्चेंजमध्ये माणसाने हाताने जोडणी शोधत जायची तेव्हा वेळ लागायचा. आज फोन लागला त्या क्षणीच कुठल्या टॉवरवरून लागला याची नोंद कंपनीकडे होते. मात्र ती मिळवायला वरिष्ठांच्या मंजुरीने रीतसर मागणी जावी लागते, आणि टॉवर दाखवतो तो परिसर, खोली क्रमांक नव्हे.

एवढ्या सगळ्यांत काका ज्या चुकीला सरळ दोन गुण देतात ती म्हणजे शेवटच्या पाच मिनिटांतली कबुली. कानाखाली एक बसते, आरोपी कोसळतो, सगळी कहाणी सांगतो, आणि साहेब म्हणतात आता तुला फाशी. अहो, त्या कबुलीची कायद्यात किंमत शून्य! पोलीस अधिकाऱ्यासमोर दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध वापरता येत नाही. हे कालपरवाचं नाही. १८७२ च्या पुरावा कायद्यात कलम २५ होतं, आता ते साक्ष अधिनियमात कलम २३ झालंय. कारण उघड आहे. मारून वदवून घेतलेलं कोर्टाने ऐकायचं ठरवलं, तर पुढचा प्रत्येक तपास मारण्यापासूनच सुरू होईल. म्हणजे मालिकेत ज्या थपडेने खटला सुटतो, खऱ्या कोर्टात त्याच थपडेने तो बुडू शकतो.

पण याला एक खिडकी ठेवलीय आणि सगळे अनुभवी अंमलदार तिथूनच आत येतात. समजा, कोठडीतला आरोपी म्हणाला, "मी त्याला ज्या चाकूने मारलं तो खाडीकडेच्या झुडपात टाकलाय, चला दाखवतो." लगेच दोन पंच बोलवायचे आणि त्यांच्यासमोर त्याचं निवेदन लिहायचं. मग सगळे मिळून गाडीतून निघायचं, तो सांगेल तिकडे. चाकू निघाला तर त्या वाक्याचे दोन तुकडे होतात. 'चाकू तिथे टाकलाय, दाखवतो' हा तुकडा कोर्टात चालतो, कारण वस्तू खरंच सापडली आणि याला ती जागा माहीत होती. 'मी मारलं' हा तुकडा चालत नाही. ही काटछाट कशी करायची हे स्वातंत्र्याच्या तोंडावर लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे तेव्हाच्या सर्वात वरच्या न्यायालयाने, पुलुकुरी कोटय्या खटल्यात सांगून ठेवलंय, आणि वकील मंडळी आजही तोच दाखला देतात. आता त्या चाकूवरचं रक्त मृताचं आहे हे प्रयोगशाळेने सांगायचं, आणि झुडपापासून प्रयोगशाळेपर्यंत चाकू कुणाकुणाच्या हातून गेला हे मुद्देमालाच्या रजिस्टरने. यातली एक कडी तुटली की चाकू भाजी चिरायच्या लायकीचा.

आरोपीला स्वतःहून कबूल व्हायचंच असेल तर दंडाधिकाऱ्यासमोर. तिथे त्याला आधी बजावतात की बाबा रे, तू हे सांगायला बांधील नाहीस, आणि सांगितलंस तर ते तुझ्याविरुद्ध जाऊ शकतं. कितीतरी जण तिथूनच परत फिरतात. नार्कोचंही तेच: २०१० च्या सेल्वी खटल्यापासून माणसाच्या संमतीशिवाय ती चाचणी करता येत नाही.

आता मालिकावाल्यांची बाजू. चाळीस मिनिटांत खून, तपास, अटक आणि जाहिराती बसवायच्या, त्यात चतुःसीमा कोण दाखवणार? मला दार आणि थप्पड दोन्ही मान्य आहे, करमणूक म्हणून. एकच थाप मात्र मी माफ करत नाही. माणूस हरवला तर '२४ तास थांबा, मग तक्रार घेऊ.' असा नियम आपल्याकडे नाही. परदेशी पडद्यावरून आपल्या पडद्यावर आणि तिथून लोकांच्या डोक्यात शिरलेली ही गोष्ट आहे. बेपत्ता माणसाची नोंद त्याच क्षणी करता येते. अठरा वर्षांखालचं मूल असेल तर सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये सांगितलंय की थेट गुन्हाच दाखल करायचा, अपहरण झालं असं समजून. मालिकेच्या भरवशावर घरच्यांनी रात्र काढली तर वाया जातात ते पहिले काही तास, आणि त्या तासांतच शोधायला सर्वात जास्त हाताशी असतं.

राहता राहिले पंच. २०१९ मध्ये आमच्याच मजल्यावर घरफोडी झाली. हवालदार दोन माणसं शोधत होते आणि नेहमी जिन्यात गप्पा मारणारी सोसायटी अचानक निर्मनुष्य झाली. काकांनी मला दंडाला धरून पुढे केलं. झडतीच्या वेळी परिसरातले दोन तटस्थ रहिवासी हवेत असं कायदा म्हणतो, घटनास्थळाच्या पंचनाम्यालाही तीच रीत. आणि लेखी सांगूनही विनाकारण नकार दिला तर तो गुन्हा ठरू शकतो, हे काकांनी मला वर चढतानाच ऐकवलं.

मला वाटलं होतं दहा मिनिटांचं काम असेल. दोन तास लागले. हवालदारांनी आधी चतुःसीमा लिहिल्या: पूर्वेस जिना, पश्चिमेस मोकळी जागा, उत्तरेस अमुक यांची सदनिका. कपाटाची कडी कुठल्या बाजूला वाकलीय ते मला जवळ नेऊन दाखवलं. ठसे घेणाऱ्याने कपाटाच्या पत्र्यावर काळी पूड फिरवली. पुसट डाग उठले, एकही पुरा नाही. घामट हातांनी घाईत ओढलेल्या कपाटावर असंच उठतं म्हणाला. गजाजवळ एक पान्हा पडला होता, तो कागदात गुंडाळून दोऱ्याने बांधला, वर आम्हा पंचांच्या सह्यांचं लेबल डकवलं, लाखेचं सील मारलं. लाखेचा थेंब माझ्या चपलेवर पडला, तो अजून आहे. आता नव्या कायद्याने झडती-जप्तीचं मोबाईलवर चित्रीकरण करावं लागतं, तेव्हा ते नव्हतं. शेवटी हवालदार मला स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर घेऊन गेले. "साहेब, इथे उभे राहा. उजव्या हाताला काय दिसतं?" म्हटलं, येऊरचा डोंगर. "लक्षात ठेवा."

चार वर्षांनी समन्स आलं. साक्षीच्या पिंजऱ्यात उभा राहिलो तेव्हा घरफोडीची तारीखसुद्धा मला धड आठवत नव्हती. आरोपीच्या वकिलांनी पंचनाम्याची प्रत चाळली, चष्मा कपाळावर ढकलला आणि अगदी गोड आवाजात विचारलं, "तुम्ही त्या घरात गेला होतात म्हणता. मग स्वयंपाकघराची खिडकी कुठल्या दिशेला आहे, सांगता का?"

मी डोळे मिटले आणि डोंगर उजव्या हाताला घेतला.